सरकार म्हणतंय, घरी ये

सुन्निवा : आधी कबूल कर, रागवायचं नाही.

गुड्रून : म्हणजे रागवण्यासारखंच काहीतरी करून ठेवलंयस. थांब, हे माशाचे वडे उलटते, मग रागावते. एका वेळी एकच गोष्ट जळू दे.

सुन्निवा : ईस्टरला आले होते ना, तेव्हा तू मागच्या दारात उभी राहून मोन्सला हाका मारत होतीस. मी ते फोनवर रेकॉर्ड केलं, आजी.

गुड्रून : मांजराला हाक मारली. त्यात काय एवढं?

सुन्निवा : नॉर्वेजियनमध्ये नव्हती मारलीस.

गुड्रून : खिडकी लाव. आधी ती खिडकी लाव, पोरी! तुझे आजोबा कुठायत?

सुन्निवा : खाली, होडीच्या शेडपाशी जाळं दुरुस्त करतायत. मोन्सही तिथंच आहे. आजी, तुला सामी येते? इथल्या मूळ लोकांची भाषा? आईलासुद्धा माहीत नाही हे.

गुड्रून : येत-बित काही नाही. मांजराशी बोलण्यापुरती येते. मांजर कुणाला सांगायला जात नाही म्हणून. नात सांगत सुटेल हे काय ठाऊक! कुणाकुणाला ऐकवलंस?

सुन्निवा : ऑफिसात. जेवणाच्या सुट्टीत, सहज, गंमत म्हणून. सामी संसदेची निवडणूक येतेय ना? सामी लोकांनी तिच्या मतदारयादीत नाव घालावं म्हणून सरकार जाहिरातीला पैसा देतंय. आमच्या कंपनीला ते काम मिळालं. घोषणेसाठी नुसतं डोकं फोडत होतो आम्ही. ‘तुझं मत, तुझा आवाज.’ ‘आता नाही तर कधी?’ सगळं शिळ्या पावासारखं. आणि तुझी हाक ऐकली तशी ऑफिसातली मारेत रडायलाच लागली. आमच्यात ती एकटी सामी. म्हणाली, शोधणं बंद करा, घोषणा मिळाली.

गुड्रून : कुठली घोषणा?

सुन्निवा : ‘बोआधे रुओक्तोत.’

गुड्रून : शी! तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं काय म्हणतेस! बोआधे रुओक्तोत. घरी ये. हे सरकारला विकलंस तू? मी माझ्या मांजराला म्हटलेलं?

सुन्निवा : विकलं नाही अजून. तुझ्या होकाराशिवाय तुझ्या आवाजाला कुणी हात लावणार नाही, तसं ठणकावून सांगितलंय मी. पण आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. तू नाही म्हणालीस तर ओस्लोची एक नटी रेडिओवर म्हणेल ते.

गुड्रून : आणि कुठल्या पक्षाची ही भानगड? दर निवडणुकीला दुकानाच्या भिंतीवर घोषणा चिकटते, ‘किनारा जगलाच पाहिजे.’ चिकटवणाऱ्यांनीच मासळीचा कारखाना बंद केला. ती घोषणा अजून आहे तिथं. माणसं गेली.

सुन्निवा : कुठल्याच पक्षाची नाही. कुणाला मत द्या असं त्यात नाहीच. नुसतं, या. हे बघ, पोस्टर कसं दिसणार ते. बसथांब्यांवर, विमानतळावर. ओस्लोच्या मोठ्या स्टेशनात तर तुझ्या या घरापेक्षा उंच लागणार आहे.

गुड्रून : चष्मा दे. ... हे आपले शब्द? असे दिसतात?

सुन्निवा : म्हणजे?

गुड्रून : मी कधी पाहिलेच नव्हते गं. नुसते ऐकलेले. मला वाटायचं, हे लिहिताच येत नाहीत. शाळेत बाई सांगायच्या, ही काय भाषा आहे, हिला अक्षरं कुठायत! ... अय्या, पण इथं तुमची चूक झालीय. मधल्या अक्षरावर रेघ मारून खोडलंय कुणीतरी.

सुन्निवा : खोडलं नाही, आजी. ते अक्षरच तसं आहे. जीभ दातांना लावून म्हणतेस ना तू ते? त्याच्यासाठी वेगळं अक्षर आहे. रेघेसकट.

गुड्रून : रेघेसकट! बघ बाई. माझ्या वहीत रेघ आली की समजायचं, चुकलं. आणि हे रेघ असूनही बरोबर. ... त्या आवाजासाठी कुणीतरी बसून एक आख्खं अक्षर केलं?

सुन्निवा : ऐकतेस? तुझा आवाज?

गुड्रून : नको. ... लाव. हळू लाव.

(सुन्निवा फोनवर हाक ऐकवते.)

गुड्रून : ही मी नाही.

सुन्निवा : तूच आहेस.

गुड्रून : नाही, ही माझी आई आहे. शेवट असा वर न्यायची ती. पुन्हा लाव. ... देवा रे. इतकी वर्षं ती माझ्या गळ्यात बसलीय आणि मला पत्ता नाही!

सुन्निवा : रडू नको ना.

गुड्रून : रडत नाही, नवल करतेय. ती दारातून अशीच ओरडायची आणि मी खडकांवरून ओरडायचे, ‘मुन बोआधान!’ आलेच! मग सरकारनं मला बोर्डिंगच्या शाळेत नेलं. तिथं पहिल्याच आठवड्यात झोपेत आईची हाक ऐकली आणि ओरडले, मुन बोआधान. सामी बोलले म्हणून सकाळी बाईंनी साबणानं तोंड धुतलं माझं. त्यानंतर ते कधी म्हटलं नाही. म्हणायची वेळही आली नाही म्हणा. बोलावणारं कोण होतं?

सुन्निवा : हे तू कुणालाच नाही सांगितलंस?

गुड्रून : आणि आता तेच सरकार पैसे मोजून म्हणतंय, घरी ये? तेच?

सुन्निवा : तेच. खातं वेगळं.

गुड्रून : साबणाचं खातं बंद झालं वाटतं.

सुन्निवा : मग हो म्हणू?

गुड्रून : नाही म्हण. नटीला घ्या. अगं, तुझ्या आजोबांनी ऐकलं तर? रेडिओवर सामी बातम्या लागल्या की तो उठून बटण बंद करतो. कायम. आणि त्याची आई! मी नवी नवरी, तर मला सांगते, ते सामी लोक दारात आले तर चमचे मोजून ठेवायचे. मी मान डोलावली आणि चमचे मोजले. पन्नास वर्षं तोंड शिवून या घरात राहिले, आता म्हातारपणी त्याच्यासमोर काय म्हणू? तुझ्या ताटात रोज जेवते ती त्यांच्यातली आहे?

सुन्निवा : बरं. नाही कळवते. ... मोन्सला आणू का वर? वड्यांचा वास आला असेल त्याला. सकाळी मी बोलावून बोलावून थकले, ढुंकूनही बघितलं नाही माझ्याकडे.

गुड्रून : तू नॉर्वेजियनमध्ये बोलावलंस ना? त्याला कुठली कळायला! पिल्लू होता तेव्हापासून माझ्याशिवाय कुणाशी बोलला नाही. एक अक्षर येत नाही त्याला नॉर्वेजियन.

सुन्निवा : आजोबांचं तर ऐकतो.

गुड्रून : कोण?

सुन्निवा : मोन्स. सकाळी जाळ्यावर चढून बसला होता. आजोबा काहीतरी पुटपुटले, तसा निमूट उतरून बाजूला बसला. मला शब्द कळले नाहीत. मला वाटलं, वाऱ्यामुळे.

गुड्रून : हिल्मार बोलला? मांजराशी?

सुन्निवा : आजी, वडे जळतायत.

गुड्रून : जळू देत. वारा होता सकाळी?

सुन्निवा : नव्हता. आता आठवलं. पानही हलत नव्हतं.

गुड्रून : एकदा बटण बंद करायला उठला होता. बातमीत कुणी म्हातारा सामीत सांगत होता, रेनडिअर कसं त्याच्या स्वयंपाकघरात शिरलं. मला हसू आवरेना म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. वळून बघते तर हाही हसतोय. मला वाटलं, त्या लोकांना हसतोय. ... अगं, तो गोष्टीला हसत होता!

सुन्निवा : म्हणजे बटण तो...

गुड्रून : माझ्यासारखाच. चेहऱ्यावर कळेल म्हणून. आणि त्याची आई? ती चमचे कुणाच्या भीतीनं मोजत होती गं? अरे देवा. एका पलंगावर दोघं, आणि गुपित फक्त मांजराला ठाऊक!

सुन्निवा : आजी, बस तू खुर्चीवर.

गुड्रून : बसत नाही. तुझ्या त्या मारेतला कळव, हो म्हणून. पण रेडिओवर ऐकायच्या आधी त्याला माझ्या तोंडून ऐकू दे. उघड खिडकी. सगळी उघड!

सुन्निवा : शेजारचे बाहेरच आहेत.

गुड्रून : असू देत. कोण जाणे, त्यांनाही त्या यादीत नाव घालायचं असेल. ... बोआधे रुओक्तोत!

सुन्निवा : मोन्स उठला.

गुड्रून : आणि तो?

सुन्निवा : त्यांच्या हातातलं जाळं खाली पडलंय. इकडे बघतायत.

हिल्मार : गुड्रून! कुणाला हाक मारलीस? मांजराला की मला?

गुड्रून : तुला.

हिल्मार : मुन बोआधान.