कोंडाबाईची खुर्ची

तेजश्री जन्मदाखल्यासाठी पंचायतीच्या बाकावर बसली होती. शेजारीच दारात सदस्य कोंडाबाई आणि तिचा नवरा नागनाथ दबक्या आवाजात भांडत होते.

"दोन वर्षं मीटिंगला मीच बसायलोय की. आज तू कामून आलीस?"

"मतं मला पडलीत."

"सीट बाईची हुती, म्हणून तुझं नाव लावलं."

"बाई राष्ट्रपती झाली म्हणून परवा मन्नाएखेळ्ळीहून पेढे कुणी आणले?"

"मीच. अभिमान वाटला मला. तुला तर तिच्यासमोर हरलेला पायजे हुता!"

"व्हय. आजबी त्योच बरा वाटतो."

"मग तिचं नाव कामून काढायलीस?"

"माझं मन तिच्याकडं नव्हतं. पर खुर्चीवर तीच बसती, सह्या तीच करती. तिच्या जागी दुसरं कुणी बसतंय का?"

"ती दिल्ली हाय. हितं लोक हासतील."

"दिल्लीत आपल्याला मत न्हाई, आमदार-खासदार देतात. हितं वार्डातल्या बायांनी उन्हात उभारून मला दिलंय. त्यांच्या नळाचं मलाच बोलायचंय."

"अगं, पर आत बोलशील काय?"

"आधी नळाचं. कुणी हासलंच, तर पेढे वाटताना चौकात तुमी बोललात ते, 'बाई खुर्चीवर बसली, अभिमान हाय' म्हणून."

कोंडाबाई आत गेली. नागनाथ बाकाशी आला. तेजश्रीनं सरकून त्याला जागा दिली. आत हजेरी सुरू झाली.

"कोंडाबाई नागनाथ?"

सवयीनं तो अर्धा उठला.

"हाय," आतून कोंडाबाई म्हणाली. "हितंच हाय."