दिवटीबाईचा नंबर

मनस्विनी : शेवटचा! आत्या, तिला शेवटचाच नंबर. अगं, तिच्या दिवटीची वायर दिसते!

वर्षाराणी : दिसू दे की. वायर दिसली म्हणून भीती कमी होती व्हय?

मनस्विनी : मी सगळ्या भुतांना मार्क दिलेत ना. पॉवरला दहा, दिसण्याला दहा, माणसं किती नेली त्याला दहा. विहिरीतल्या जुळ्या एक नंबर, सत्तावीस. आरशातला मुनीम दोन नंबर...

वर्षाराणी : मुनीम? त्याच्या मनगटावर घड्याळ होतं, मनू. मेलेल्या माणसाला टाइम कशाला बघायचाय?

मनस्विनी : तुला अजून आठवतं?

वर्षाराणी : न आठवायला काय झालं. दर मंगळवारी सरपंचाच्या ओसरीवर सगळं गाव बसायचं. टीव्हीवर 'सावलीपूर' लागलं की कुत्रीसुदीक गप. पण तुला कुठं घावलं ते? तीस वर्षांखालची मालिका.

मनस्विनी : मोबाइलवर सगळे भाग आलेत. आमची सगळी बॅच बघून राहिली.

वर्षाराणी : आठवीतच डॉक्टरकीच्या क्लासची बॅच. डॉक्टर व्हायच्या आधी तुम्ही पोरं पेशंट व्हताव बघ. ते पीठ इकडं दे. धपाट्याला तीळ लई लागतात, तुझ्या आईनं आणलेत का?

मनस्विनी : डब्यात आहेत. आई बँकेतून चारला येईल. आत्या, विषय बदलू नको. तू असतीस तर एक नंबर कुणाला दिला असता?

वर्षाराणी : दिवटीबाईला.

मनस्विनी : काहीही! तिला काय येतं? अंगणात झोपलेली माणसं मोजते आणि कडेचं उचलते. तेही उंबऱ्याबाहेरचंच. उंबरा ओलांडता येत नाही तिला! घरात जाऊन बसलं की खेळ खलास. पॉवर दोन दिलेत मी, ते पण दयेनं.

वर्षाराणी : ...तीळ दे.

मनस्विनी : बेल वाजली. पप्पा आले वाटतं. मीच जाते, तुला माहितीये ना पप्पांचं. बाहेर असले की बेल वाजवत बसतील, आत असले की बेल वाजली तरी हलणार नाहीत. क्लासची मुलं म्हणतात, सरांच्या घरचं दार सर सोडून कुणीही उघडतं.

वर्षाराणी : म्हणू दे. जा, उघड.

मनस्विनी : पप्पा, आत्याला सांगा हो जरा. ती दिवटीबाईला एक नंबर देते!

श्रीशैल : कुणाला?

मनस्विनी : दिवटीबाई. सावलीपूरमधली. मी यादी केलीय, बघा. तुम्ही जज व्हा. तुम्ही तर बायोलॉजीचे पेपर तपासता, हे काय अवघडे.

श्रीशैल : अक्का, तू हिला हे...

वर्षाराणी : मी न्हाई रे. ती आपली आपणच बघून राहिली. बस, पाणी पी. उन्हातून आलास.

मनस्विनी : काय झालं?

श्रीशैल : काही नाही. दाखव यादी. जुळ्या, मुनीम, काळा जोगी, बिनडोक्याचा पाटील... आणि दिवटीबाई दहावी. बरोबर आहे तुझं. माझा पण हाच क्रम.

मनस्विनी : बघ आत्या!

श्रीशैल : तिचा काही दोष नव्हता. तिला कडी काढता येत नव्हती. कडी काढणारा दुसराच होता.

मनस्विनी : कुठल्या भागात? मला नाही आठवत.

वर्षाराणी : श्री, जेवायला वाढते. उद्या तीस तारीख, सकाळी लवकर गावाकडं निघायचंय. आज कशाला...

श्रीशैल : उद्या तिकडं फोटोला हार घालताना ही दरवर्षी विचारते, पप्पा, लच्छी आत्या कशी गेली. दरवर्षी मी म्हणतो, भूकंपात. अर्धंच उत्तर आहे ते, अक्का. माझ्या पोरांनी असं लिहिलं तर मी अर्धे मार्क कापतो.

मनस्विनी : अर्धं म्हणजे?

श्रीशैल : बस इथं. त्या साली आमच्याकडं वर्षभर बारीक बारीक धक्के बसायचे. म्हणून सगळी आळी अंगणात झोपायची. दगडाची घरं, वर मातीचं माळवद, आत झोपायची सोय नव्हती. त्या दिवशी गणपती बुडवले. अप्पा शेतात राखणीला. मला ताप होता, अंगणात गार वारं लागेल म्हणून आई मला घेऊन आत झोपली. अक्का आणि लच्छी बाहेर, बाजेवर.

वर्षाराणी : श्री.

श्रीशैल : रात्री कधीतरी दारावर थापा. बारीक थापा. लच्छी. सहा वर्षांची होती. 'दादा, कडी काढ, दादा, मला आत घे.' आई दमून झोपलेली. मी उठलो, कडी काढली. म्हणालो, ये, आत ये. ती दाराजवळच आडवी झाली. पहाटे घर बसलं. आई आणि मी धान्याच्या कणगीच्या आडोशाला होतो, आम्हाला काढलं. दारावरची तुळई तिच्यावर.

मनस्विनी : पप्पा...

श्रीशैल : मी म्हणायला पाहिजे होतं, जा, अक्काजवळ झोप. तीन शब्द.

मनस्विनी : म्हणून तुम्ही दार...

श्रीशैल : हो. हसतात मुलं, हसू दे.

मनस्विनी : पण तुम्ही नऊ वर्षांचे होता! आत्या, तू सांग ना पप्पांना.

वर्षाराणी : मनू, गच्चीवरचे पापड घेऊन ये बाई.

मनस्विनी : आत्ताच ठेवलेत, वाळले नसतील.

वर्षाराणी : मग बस. ऐक तूबी. तू आज तिला दहावा नंबर दिलास म्हणून सांगते, न्हाईतर मी आणखी एक वर्ष गिळलं असतं. श्री, लच्छी आत का आली, हे तू मला कधी इचारलं न्हाईस.

श्रीशैल : भ्याली असेल. लहान होती.

वर्षाराणी : भ्याली न्हाई. भिववली. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिवलेली आपली यादी आठवती?

श्रीशैल : तूच लिहायचीस. लच्छी नुसत्या मिशा काढायची सगळ्यांना.

वर्षाराणी : दिवटीबाईलासुदीक. त्या दिवशी सांजच्याला मी दिवटीबाईला दहावरून एकवर नेलं. मुद्दाम. लच्छी झोपेत लाथा मारायची रे, चादर वढायची. मला बाज एकटीला पायजे होती. विसर्जनात नाचून पाय दुखून राहिले होते. बाजेवर पडल्यावर म्हणलं तिला, लच्छे, आज दिवटीबाईचा एक नंबर हाय. ती मोजत येती. कडेला कोण हाय? तूच हाईस. तिला उंबरा तेवढा वलांडता येत न्हाई. आत जा, आत गेलं की काई भ्या न्हाई.

श्रीशैल : मग?

वर्षाराणी : रडली ती. म्हणली, अक्का, मला मदी घे, तू कडेला झोप. मी तोंडावर चादर घेतली आन झोपल्याचं सोंग केलं. तिच्या थापा मला ऐकू येत होत्या. तू म्हणलास, ये, आत ये, तेबी ऐकलं. मी पाय लांब केले, श्री. मला लई बरं वाटलं.

श्रीशैल : एकोणतीस वर्षं.

वर्षाराणी : हाव.

श्रीशैल : मी लातूरला शिकायला आलो, लग्न झालं, ही झाली. दरवर्षी तुझ्यासमोर बसून मी कडी, कडी, कडी करत आलो. आणि तू मला वाढत राहिलीस.

वर्षाराणी : तू कडी म्हणलास की त्या वर्षापुरतं मला सुटल्यागत व्हायचं. दुसऱ्या कुणावर तरी हाय, असं. लहान भावावर घातलं मी. पहिल्या वर्षी सांगायचं धाडस न्हाई झालं, मग ते सांगायचंच राहून गेलं. उदगीरहून निघताना दरसाल ठरवती, यंदा बोलायचं. येती, धपाटे करती आन जाती.

श्रीशैल : धपाटे नको मला आज.

वर्षाराणी : बरं.

मनस्विनी : पप्पा, असं नका ना बोलू.

श्रीशैल : बाज केवढी होती, अक्का?

वर्षाराणी : अप्पांची. तिघं मावलो असतो.

श्रीशैल : आणि तू केवढी होतीस?

वर्षाराणी : तेरा. त्यानं काय व्हतंय? कळत होतं मला सगळं.

श्रीशैल : मनू, तुझं वय काय?

मनस्विनी : तेरा. तुम्हाला माहितीये की.

श्रीशैल : हो. माहितीये. यादी दे इकडं.

मनस्विनी : फाडू नका, पप्पा. मी खोडते तिला.

श्रीशैल : फाडत नाही. माणसं किती नेली, ह्या रकान्यात तिच्यापुढं तू एक का लिहिलंय?

मनस्विनी : पाचव्या भागात ती एका मुलाला नेते. पण शेवटी तो गव्हाच्या शेतात झोपलेला सापडतो.

श्रीशैल : मग शून्य कर.

(दारावर थाप पडते.)

मनस्विनी : बसा पप्पा, मी बघते. तुमच्या क्लासमधल्या सर्वेशची धाकटी बहीण असेल, त्याची वही न्यायला येणार होती. बेलपर्यंत तिचा हात पुरत नाही, लहान आहे.

वर्षाराणी : जा मनू, लवकर उघड. उन्हात उभी असंल.

श्रीशैल : थांब, मनू.

मनस्विनी : काय?

श्रीशैल : तू आत्याजवळ बस. तवा तापलाय, तेवढा उतरव.

वर्षाराणी : श्री, राहू दे रे. आज नको. हळूहळू कर.

श्रीशैल : ही वरची कडी घट्ट बसलीय की गं, मनू. तुम्ही रोज कशी काढता?

मनस्विनी : दार थोडं आत ओढायचं, पप्पा. मग वर.

श्रीशैल : हां. ...उभीच आहेस का बाळ? ये. आत ये.