जाळीचा हातमोजा

...अन् वरून आमालाच म्हनतेत, जपून काम करा! अवो, ज्याच्यानं जपायचं ते तर कपाटात, कुलपात! तुमाला सांगते, ताडकळसला आमचं शाळेचे गणवेश शिवायचं शेड हाय. मी तितं धागे तोडते, अन् बन्सीधर मास्तर कटिंग मशीन चालवतो. कापडाचे थरावर थर, हे असे इतभर उंच, उजव्या हातानं मशीन ढकलायची अन् डाव्यानं कापड दाबायचं. पात्याला कापड काय अन् बोट काय, सारखंच की! म्हनून तर मशीनसंगं स्टीलच्या जाळीचा हातमोजा आलता. मालकानं, भगवानरावांनी, लगेच कपाटात घातला. "वापरला की झिजतो, मास्तर. हातमोजा म्हागाचा हाय!"

दसऱ्याला तेवढा भाईर. मशीनला झेंडूचा हार, हातमोज्याला येगळा हार, हळदकुकू, नारळ... अन् मास्तर हात जोडून उबा! ज्यानं घालायचा त्यानंच पाया पडायचं, बघितलंय का कुटं? पूजा झाली की परत कुलूप. हातमोजा म्हागाचा हाय!

त्या दिवशी पांढऱ्या शर्टाचे थर लावलेले, झेंडावंदन तोंडावर, मालक डोक्यावर, "आटप! आटप!" मास्तर म्हनला, "मालक, पातं नवं हाय, आज तरी द्या." तर भगवानराव म्हनतेत कसे, "उद्या पावनं येनार हायत शेड बघायला, त्येंच्याम्होरं चमकाय नको का?"... झालं! कॉलरच्या वळणावर पातं आलं, अन् मास्तरच्या अंगठ्याशेजारचं बोट तितंच थरावर पडलं. मी वरडले, मालक पळत आला. आमाला वाटलं, मास्तरला धरायला... न्हाई वो! कापड वढायला! "हात बाजूला घे आधी! पांढरं हाय, पांढरं! कापायचंच व्हतं तर मरून रंगाच्या कापडावर कापायचं, रगत दिसलं तरी नसतं!" अन् मास्तर? हाताला फडकं गुंडाळत इचारायलाय, "मालक, काम ऱ्हाईल ना माजं?" मला रडावं का हसावं कळंना.

मास्तर महिन्यानं कामावर आला. मालकाला पाझर फुटला, टॉवेल-टोपी देऊन सगळ्यांसमोर हातमोजा दिला. टाळ्या! मास्तरनं घातला... पर एक बोट रिकामं की वो! लोंबायलंय नुसतं. मशीन सुरू केली, रिकामी जाळी पात्यात, चर्रर्र... कड्या तुटल्या! बोट गेलं तवा डोळ्यात टिपूस न्हाई, अन् आता भगवानराव तुटक्या कड्या येचत डोळं पुसायलेत. "म्हनत नव्हतो? हातमोजा म्हागाचा हाय!" परत कपाट, परत कुलूप.

मी तडकले. म्हनलं, "मास्तर, भांडा की जरा!" तर उघड्या हातानं थर दाबत मास्तर म्हनला, "जाऊ द्या, सरजाबाई. बरोबरच हाय त्येंचं. मला बोटं आजून नऊ हायत... त्येंच्याकडं हातमोजा एकच."