सवलतीतली पाटी

वहिनी : किंमत नंतर. आधी सांग, यात फायदा कोणाचा?

नणंद : दुकानाचा.

वहिनी : दुकानाला ना पोट, ना खिसा. दुकानाचा फायदा म्हणजे कोणाचा तरी फायदा दुकानाच्या नावावर. समोरच्या मोबाईलवाल्याचं कळलं, त्याचा पडून राहिलेला माल जाईल. तुझं काय?

नणंद : अगं, सात मापवह्या झाल्यात. दादाच्या वेळची पहिली वही तर हातात घेतली की पानं खाली, पुठ्ठा वर. एकेका पानाचा फोटो काढायचा आणि टॅबलेटमध्ये ठेवायचा. गिऱ्हाईक दारात आलं की त्याचं माप समोर. एवढंच.

वहिनी : आणि ती पाटी राहणार कोणाच्या पिशवीत?

नणंद : कोणाच्या म्हणजे? टेबलावर.

वहिनी : सात वह्या पळवायच्या तर हातगाडी लागेल. पाटी काय, काखेत मावते.

नणंद : पळवायच्या? वहिनी!

वहिनी : मी कोणाचं नाव घेतलं का? चोराच्या मनात चांदणं.

नणंद : वीस वर्षं तुझ्या शेजारी बसून काजं-बटणं करतेय मी. तुझ्या नवऱ्याची सख्खी बहीण. मी मापं घेऊन कुठे जाणार?

वहिनी : ते तू सांग. दुपारी दोन ते चार कुठे जातेस तेही सांग. बँकेतला शिपाई सांगत होता, "तुमच्या वन्सं नाक्यावरच्या दुकानात काजं करताना दिसल्या." मी म्हटलं असतील बुवा, त्यांचे हात, त्यांची सुई.

नणंद : त्याची पँट वेळेवर दिली असती तर त्याला एवढं बघायला वेळ नसता मिळाला.

वहिनी : विषय बदलू नका, वन्सं.

नणंद : तू अहोजाहो करायला लागलीस की मला भीती वाटते.

वहिनी : वाटायलाच हवी. मूळ किंमत किती म्हणालीस?

नणंद : साडेआठ हजार. आता साडेपाचला देतोय. उद्यापर्यंतच.

वहिनी : उद्यापर्यंतच! आपण नाही का काचेत पाटी लावत, "आजचा शेवटचा दिवस"? ती पाटी लावून किती वर्षं झाली?

नणंद : चार.

वहिनी : आणि सवलतीत काय विकतो? उन्हानं उडालेलं कापड. वरचे दोन हात छान दिसतात, घडी उलगडली की पिवळा पट्टा. तीन हजार कोणी प्रेमानं सोडत नाही. या पाटीची घडी कुठे आहे, ते मला बघू दे.

नणंद : म्हणूनच त्याला इकडे बोलावलंय. तूच बघ. घडी उलगड, वास घे, चावून बघ.

वहिनी : बघणारच. आणि एक विसरू नकोस. वहीत तुझ्या दादानं गिऱ्हाइकांची नावं लिहिलेली नाहीत, खोडी लिहिल्यात. "ढेरपोट्या, पण मान्य करत नाही." "उजवा खांदा उतरता, स्वभाव चढता." ती शाळेची मुख्याध्यापिका टेबलाशी उभी राहिली आणि तुझ्या पाटीवर स्वतःचं पान वाचलं तर?

नणंद : वाचेल आणि म्हणेल, मास्तर गेले तरी माणूस ओळखणं गेलं नाही.

वहिनी : हसू नकोस. आला तो.

मोबाईलवाला : नमस्कार, मास्तरीणबाई! नमस्कार, ताई! हा घ्या तुमचा टॅबलेट. दहा इंची. बॅटरी दिवसभर चालते. कॅमेरा असा की दोरा मोजून घ्या.

वहिनी : चार्जर?

मोबाईलवाला : आहे, आहे. सोबतच.

वहिनी : सोबतच म्हणजे डब्यात, की तुमच्या खिशात वेगळ्या पैशानं?

मोबाईलवाला : डब्यात, बाई. तुमच्यापुढे माझी काय टाप?

वहिनी : डब्याचं सील फोडलेलं आहे.

मोबाईलवाला : दाखवायला ठेवला होता ना, काउंटरवर. पाच महिने. खोटं कशाला बोलू?

वहिनी : म्हणजे गावभरच्या बोटांनी चिवडलेला. वॉरंटी?

मोबाईलवाला : सहा महिने.

वहिनी : नव्याला वर्षाची असते. हे मॉडेल अजून निघतं का?

मोबाईलवाला : कंपनीनं बंद केलंय, बाई. पण फोटो काढायला, बघायला तुम्हाला काही अडणार नाही. नवीन खेळ वगैरे चालायचे नाहीत.

वहिनी : आमच्यात खेळणारं कोणी नाही. जे काय खेळ चाललेत ते बिनपाटीचे चाललेत. आणा इकडे.

नणंद : उजेडात घे, वहिनी. दारापाशी.

वहिनी : मला शिकवू नकोस. हं. कडा बघितल्या. पाठ बघितली, एक ओरखडा आहे, नखाएवढा, बोटाला लागतो. बटण सैल नाही. आता काच... काच मात्र स्वच्छ आहे. हे मानलं पाहिजे. एक डाग नाही.

मोबाईलवाला : मास्तरीणबाई म्हणजे ना! भाव पाडायची ही तऱ्हा मी पहिल्यांदाच बघतोय.

वहिनी : कसली तऱ्हा?

मोबाईलवाला : अहो, डाग नाही म्हणताय आणि हसतसुद्धा नाही. त्या डागापायीच तर तीन हजार सोडले मी!

वहिनी : कुठला डाग?

मोबाईलवाला : तो काय, वरच्या कोपऱ्यात. पांढरा. चांगला कोटाच्या बटणाएवढा. ताईंना पहिल्याच दिवशी दाखवलाय मी. त्या म्हणाल्या, असू दे, चालेल, फक्त बाईंना आधी सांगू नका, त्या स्वतः... ताई? मी काही चुकीचं बोललो का?

नणंद : नाही. तुमच्या दुकानात कोणीतरी उभं आहे बघा.

मोबाईलवाला : अरे, हो की. टॅबलेट राहू दे इथेच. दहा मिनिटांत येतो. राहू दे, राहू दे.

(मोबाईलवाला जातो. शिलाई मशीनचं चाक एकदा फिरतं आणि थांबतं.)

वहिनी : परीक्षा घेतलीस.

नणंद : हो.

वहिनी : परक्या माणसासमोर.

नणंद : तो बोलेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं, तू बघशील, डाग दिसला तर त्याच्या अंगावर धावून जाशील, आणि नाही दिसला तर... तर मला एकटीला कळेल.

वहिनी : कळलं?

नणंद : मला सहा महिन्यांपासून कळतंय. डॉक्टरकडे चल म्हटलं की सुईत दोरा ओवून दाखवतेस. सुई ओवायची ती तार तुझ्या मुठीत असते. मी बघत नाही असं वाटतं तुला?

वहिनी : आणि तू काय केलंस, हे मी बघत नाही असं वाटतं तुला?

नणंद : मी काय केलं?

वहिनी : बँडमास्तरचा कोट. पाठ आखूड कापली गेली. मी वही उघडलीच नव्हती, म्हटलं माप डोक्यात आहे. दुसऱ्या दिवशी पाठ बरोबर. कापड काय रात्रीत वाढलं?

नणंद : तुला कळलं होतं?

वहिनी : डोळे गेलेत, बोटं आहेत. आपलं ठाण दोन वर्षांचं, कपाटातला वास मारत होतं. त्या पाठीला खळीचा वास, कोरी करकरीत. मग नर्सबाईंचे एप्रन. मग मुख्याध्यापिकेची बाही. दर वेळी मी चुकायचं आणि सकाळी सगळं सरळ.

नणंद : मग बोलली का नाहीस?

वहिनी : तू का नाही बोललीस?

नणंद : तुला लागलं असतं.

वहिनी : मला वाटलं, साठवतेय. एकेक चूक घडी घालून ठेवतेय. एक दिवस सगळ्या टेबलावर मांडेल आणि म्हणेल, वहिनी, कात्री खाली ठेवा. आणि ही पाटी आली तेव्हा म्हटलं, आला तो दिवस. वही मला वाचता येत नाही, पाटी मला चालवता येत नाही. ज्याच्या हातात माप, त्याच्या हातात दुकान.

नणंद : आणि नाक्यावरच्या दुकानात मी जागा बघतेय, असंच ना?

वहिनी : आणखी काय समजायचं?

नणंद : नवं कापड फुकट मिळतं का? गल्ल्याला हात लावला असता तर संध्याकाळी तुझ्या बोटांना तेही कळलं असतं. दोन ते चार काजं केली, काजाला जे सुटतं त्यातून कापड आणलं, वहीतल्या मापानं तिथल्याच कटरकडून कापून घेतलं. बस्स. ही माझी नवी नोकरी.

वहिनी : काजं. या वयात दुसऱ्याच्या दारात बसून काजं.

नणंद : तुझ्या दारात बसून तरी काय केलं? वीस वर्षं काजंच. बेतायला शिकवलंस कधी? दादा गेला तेव्हा मी म्हटलं होतं, मला कटिंग शिकव. तू म्हणालीस, पुढच्या महिन्यात.

वहिनी : शिकवलं असतं तर गेली असतीस.

नणंद : कुठे?

वहिनी : कुठेही. ज्याला बेतता येतं त्याला कोणीही जागा देतं. तुझा दादा असता तर गोष्ट वेगळी, भावासाठी राहिली असतीस. माझ्यापाशी राहायला तुला काय बांधलेलं होतं?

नणंद : हे तू इतकी वर्षं मनात ठेवलंस?

वहिनी : मनात ठेवायला जागा आहे, वाचायला डोळे लागत नाहीत. ती पाटी दे. चालव. कुठलंही पान दाखव.

नणंद : एकच पान काढलंय फोटोत, बघायला म्हणून. हे घे. आता दोन बोटं टेकव आणि लांब कर. अशी. चुण्या सोडवतेस ना, तशी.

वहिनी : अगंबाई.

नणंद : आणखी.

वहिनी : छाती बेचाळीस. पोट... पोट पंचेचाळीस. बँडमास्तर! "फुंकताना छाती दोन इंच वाढते, बसताना पोट तीन." हे तुझ्या दादाचं अक्षर. हा "ढ" तोच असा काढायचा, उशी पडल्यासारखा.

नणंद : डाग दिसतोय का आता?

वहिनी : नाही. तुला?

नणंद : मला दिसतोय.

वहिनी : मग तुला त्रास, मला काय? आला तो परत. डोळे पूस. तुझा चेहरा बघून पाचशे वाढवेल.

मोबाईलवाला : काय ठरलं, मास्तरीणबाई? आणि मघाशी मी जे...

वहिनी : ठरतंय. वॉरंटी अर्धी, मॉडेल बंद, पाच महिने गावाच्या बोटांखाली, वर डाग. साडेचार.

मोबाईलवाला : साडेचार! अहो, आणि डाग तर तुम्हाला...

वहिनी : मला दिसत नाही, बरोबर. स्पष्ट बोला, मी रडणार नाही. पण शेजारी बसणाऱ्या हिला दिसतो, दिवसभर. तिच्या डोळ्यांचे हजार.

मोबाईलवाला : पाच. आणि वरचं कव्हर देतो.

वहिनी : कव्हर मी शिवीन. तुमचं रेक्झिन महिन्याभरात सोलतं. पाच, आणि सहा महिन्यांत बंद पडला तर मी येणार नाही, हिला पाठवीन. ती माझ्यासारखी गोड बोलत नाही.

मोबाईलवाला : पाच. घ्या. माझ्या आईशपथ, आज तुमच्याकडून धंदा शिकलो. कोण देतंय पैसे? ताई?

वहिनी : तिनं पर्स उघडू नये. मी देतेय. मोजून घ्या. नीट मोजा, मला नोटा अंगठ्यानं कळतात, तुम्हाला डोळ्यांनी कळायला हव्यात.

मोबाईलवाला : बरोबर आहेत. येतो. काही अडलं तर हाक मारा, ताई.

नणंद : अर्धे मी दिले असते.

वहिनी : नकोत. डॉक्टरचेही मीच देईन. गुरुवारी, दोन वाजता. तशीही तुझी ती वेळ आता रिकामीच आहे.

नणंद : आणि डॉक्टर म्हणाला, कात्री ठेवा?

वहिनी : तर उद्यापासून तू खडू घेऊन टेबलाच्या या बाजूला बस. आधी जुन्या चादरीवर. अस्तराला हात लावायचा नाही महिनाभर.

नणंद : बरं.

वहिनी : किती झाले कापडाचे?

नणंद : मोजले नाहीत.

वहिनी : खोटं बोलू नकोस. कोणाची बहीण आहेस, मला माहीत आहे.

नणंद : सहा हजार दोनशे. अस्तर धरून.

वहिनी : पाटीपेक्षा जास्त.

नणंद : मी मागतेय का?

वहिनी : मागितलेस तरी देणार नाही.

नणंद : का गं?

वहिनी : सगळंच फेडून टाकलं, तर तू इथे थांबशील कशाला?