वीस लिटरची कॅन

इरावती : पुरानी बस्तीत किरायाची खोली? कोणासाठी?

बाबा : आमच्यासाठी. तुझी आई आन मी. एक तारखेपासून.

इरावती : आन हे घर?

बाबा : हे तुझं. रजिस्ट्रीवर तुझं नाव आहे.

इरावती : तुम्ही बिल्डरले देऊन राहिले होते म्हणून घेतलं मी. तुम्ही दोघं इथंच, तात्यापाऱ्यातच राहावं म्हणून घेतलं. पाच महिने झाले, मी आन सुशील अजून पंडरीत किरायानं राहून राहिलो. काहून? तं तुम्ही म्हणाले, थोडं थांब. आता तुम्हीही किरायानं जाता. मंग इथं राहील कोण, पाली?

बाबा : आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत.

इरावती : म्हणून ही कॅन? रजिस्ट्रीपासून विकतचं पाणी पिऊन राहिले तुम्ही?

बाबा : हव. माझ्या बापानं तुझ्या आत्याच्या घरी तांब्यालेही हात नाही लावला.

इरावती : बाबा, याच नळाखाली तुम्ही माझं डोकं धुवून देत होते. रजिस्ट्रीच्या सकाळी पाणी चांगलं होतं, दुपारी बाटलं? भार्गवनं घेतलं असतं तं आणली असती कॅन?

बाबा : भार्गव पोरगा आहे.

इरावती : पोरगा तुमचा फोन उचलत नाही. खूप राग येऊन राहिला मले.

बाबा : आवाज खाली कर. माझ्या घरात...

इरावती : बोला ना. कोणाच्या घरात?

आई : बस झालं दोघांचं. कॅनवाला होळीपासून आलाच नाही.

बाबा : मंग ही भरलेली कशी?

आई : नळावर भरते मी. रोज.

(बाबा हातातला गिलास खाली ठेवतात.)

बाबा : दोघींनी मिळून फसवलं मले.

इरावती : मले तं आत्ता कळलं.

आई : फसवलं काय त्यात? तहान लागत होती तुम्हाले. दोन महिने पिले, काही झालं?

बाबा : धरम बुडवला माझा.

आई : मंग जा पुरानी बस्तीत. एकटे. मी लेकीजवळ राहते.

इरावती : एक तारखेले आमचं सामान येऊन राहिलं, बाबा. तुम्ही थांबा, नाही तं जा.

आई : मंग, थांबता का जाता?

बाबा : वरच्या टाकीत आपोआप पाणी चढत नाही. सुशीलले सांग, सकाळी सहाले मोटर लावा लागते. एक तारखेले मी दाखवतो त्याले.