खालच्या मजल्यावरील दार तोडल्याबाबत

जबाब
दि. १५/१०/२०२५

मी, सौ. नूतन हितेंद्र भोळे, वय ४१ वर्षे, धंदा घरी शिवणकाम, राहणार सुयोग इमारत, वरचा मजला, बोरी नदीकडील रस्ता, अमळनेर, ता. अमळनेर, जि. जळगाव. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, मला विचारले त्याप्रमाणे सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती हितेंद्र यांच्यासह नऊ वर्षांपासून राहते. पती जळगाव येथे बियाण्यांच्या दुकानात नोकरीस असून रोज सकाळी साडेसातच्या गाडीने जातात व संध्याकाळी परत येतात. मुलगी शिक्षणासाठी पुण्यास असते. आमच्या इमारतीत चार घरे आहेत. वर आमच्या शेजारचे घर बंद आहे. खाली एका घरात शिकवणी चालते, ती दुपारी चारनंतर उघडते. आमच्या बरोबर खालच्या घरात झुंबरबाई अभिमन पाटील, वय ७२, या एकट्या राहतात. त्यांचा मुलगा प्रेमराज सुरत येथे कापडाच्या कारखान्यात आहे.

झुंबरबाई व आमचे मागील चौदा महिन्यांपासून बोलणे नव्हते. त्याचे कारण आमचे जुने वॉशिंग मशीन. त्या मशीनचे सांडपाणी आमच्या न्हाणीघरात जात असे व तिथून खाली झुंबरबाई यांच्या न्हाणीघराच्या छताला पाझरत असे. त्या याबाबत सांगण्यास तीन वेळा वर आल्या होत्या. पहिल्या वेळी त्यांनी कळण्याची भाकरी व ठेचा आणला होता आणि गळतीचे निघता निघता सांगितले. तिसऱ्या वेळी माझे पती त्यांना म्हणाले, “मशीन आमच्या घरात चालतं, तुमच्या डोक्यावर नाही.” मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. बाहेर आले नाही.

त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये झुंबरबाई यांनी या पोलीस ठाण्यात आमच्याविरुद्ध अर्ज दिला. आम्हाला बोलावले असता पतीने गळती पावसाच्या पाण्याची आहे असे सांगितले. प्रेमराज यांचे सुरतहून फोन येत, म्हणून पतीने त्यांचा नंबर माझ्या मोबाईलमध्येही ब्लॉक करून ठेवला होता. पुढे पुढे आमचे मशीन सुरू झाले की झुंबरबाई खालून काठीने छत ठोकत. मशीनचा आवाजही फार होता, भिंत हलायची. ठोकले म्हणून मी कधी मशीन बंद केले नाही.

दि. ०४/१०/२०२५ रोजी ते मशीन धुणे चालू असताना मोठा आवाज करून बंद पडले. दुरुस्ती करणाऱ्याने पाहून ड्रमचे बेअरिंग गेले, आता यात काही राहिले नाही, असे सांगितले. दिवाळी तोंडावर होती. घरातील पडदे, चादरी, गोधड्या सर्व नऊ दिवस मी हाताने धुतले. नवीन मशीन दि. १३/१०/२०२५, सोमवार रोजी येणार असे दुकानातून कळवले.

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास दुकानाची दोन माणसे नवीन मशीन वर ठेवून व जुने उतरवून घेऊन गेली. जुने मशीन न्हाणीघरातून ओढताना फरशीवर बराच आवाज झाला. त्याच वेळी खालून ठोकल्याचा आवाज आला. मला वाटले, झुंबरबाई नेहमीप्रमाणे ठोकत आहेत. माणसे गेल्यावरही आवाज आला, तेव्हा मी फरशीवर पाय दोन वेळा जोरात आपटला. त्यानंतर आवाज थांबला. ही गोष्ट मला कोणी विचारलेली नाही. मी ती स्वतःहून सांगत आहे व ती जबाबात लिहून घ्यावी.

सव्वाअकरा वाजता नळफिटिंगचे काम करणारे रुपचंद भिल, वय ५४, राहणार अमळनेर, हे आले. जुन्या मशीनला आम्ही साध्या नळाची नळी लावत होतो. नवीन मशीनला आटे असलेला वेगळा नळ लागतो व सांडपाण्याची नळी थेट पाईपमध्ये बसवावी लागते. रुपचंद यांनी गच्चीवरील टाकीचा कॉक बंद केला व जुना नळ काढला. मग न्हाणीघरातील कोपऱ्याची एक फरशी उचलून आतला जोड पाहिला. ते म्हणाले, “ताई, हा जोड फुटेल शे. वरून टाकेल पानी बठ्ठं खाले जात असेल.” म्हणजे जोड फुटलेला होता व वरून टाकलेले सर्व पाणी खाली जात होते. त्यांनी खात्री करण्यासाठी एक बादली पाणी ओतले. ते खालच्या बाजूस उतरले.

आमच्या इमारतीचा सांडपाण्याचा उभा पाईप जुना, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. तो वरून खालपर्यंत दोन्ही न्हाणीघरांच्या भिंतीला लागून जातो. पाणी ओतल्यानंतर थोड्या वेळाने त्या पाईपमधून आवाज येऊ लागला. मी रुपचंद यांना म्हणाले, “लक्ष देऊ नका. खालच्या बाईंना ठोकायची सवय आहे.” त्यांनी पाईपला कान लावला. हात वर करून मला गप्प केले. मग म्हणाले, “ताई, हे छत ठोकणं नाही. हे पाईपवर, पार जमिनीजवळ शे. तीनदा ठोकतं, थांबतं, परत तीनदा.” त्यांनी हातातील पान्ह्याने पाईपवर तीन ठोके मारले. खालून लगेच तीन ठोके आले. मग खालून ठोके येतच राहिले. त्यावेळी बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.

आम्ही दोघे धावत खाली गेलो. झुंबरबाई यांचे पुढचे दार आतून कडी लावलेले होते. दाराबाहेर दुधाची पिशवी तशीच पडलेली होती. मी हाका मारल्या, आतून उत्तर आले नाही. मग आम्ही मागच्या बोळात गेलो. न्हाणीघराच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या आहेत. रुपचंद यांनी त्यातील एक पट्टी काढून आत पाहिले व मला म्हणाले, “पाय दिसत शेतस.” खिडकी लहान असून तिला लोखंडी गज आहेत, तिथून आत जाता येत नव्हते. मी खिडकीतून “झुंबरआक्का” अशी हाक मारली. आतून फार बारीक आवाजात “कोन शे?” असे आले. मी “वरची नूतन” असे सांगितले. नंतर “पानी दे व माय” असे आले.

मी रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन केला. प्रेमराज यांचा नंबर ब्लॉकमधून काढून त्यांना दोनदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितले. नंतर पतीस फोन केला. पती म्हणाले, “दाराला हात लावू नको. आधीच आपल्यावर अर्ज आहे. उद्या घरातून काही गेलं म्हणाली तर काय करशील? पोलीस येऊ दे, मग काय ते.” मी ठीक आहे म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर मी ११२ वर फोन केला. दार तोडू का, असे मी विचारले नाही. दार तोडत आहे, तुम्ही या, असे सांगितले व पत्ता दिला.

रुपचंद यांनी वरून पहार आणली होती, पण ते दारापुढे थांबले. म्हणाले, “ताई, मी नळवाला मानूस. चार घरं फिरून पोट भरतो. माझ्यावर चोरीचा आळ आला तर या गावात मला कोण दारात उभं करेल?” त्यांचे म्हणणे रास्त होते. मी पहार त्यांच्या हातातून घेतली व दाराच्या फटीत घालून पहिला जोर मी लावला. कडी सुटली नाही. दुसऱ्या वेळी रुपचंद यांनी माझ्यासोबत पहार धरली. चौकटीचे लाकूड फुटून कडी निघाली. दार तोडण्यास सांगणारी मी आहे. रुपचंद यांची त्यात काही चूक नाही. त्यांनी घरातील कोणत्याही वस्तूस हात लावला नाही.

झुंबरबाई न्हाणीघरात डाव्या कुशीवर पडलेल्या होत्या. उजव्या हातात स्टीलची लोटी होती, तिने त्या पाईप ठोकत होत्या. लोटीची कड चेपलेली होती. अंगावरील लुगडे ओले होते. ते पाणी छतातून पडलेले, म्हणजे आम्ही ओतलेल्या बादलीचे होते. त्या सकाळी सातच्या सुमारास पाय घसरून पडल्या, असे त्यांनी सांगितले. साखरेच्या आजाराची गोळी घेतलेली होती, पण खाणे झालेले नव्हते. त्यांना दरदरून घाम आला होता व जीभ जड झाली होती. मी घरातून साखर शोधून पाण्यात कालवली व चमच्याने त्यांच्या ओठांना लावली. मग त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले. पाय हलवू नका, असे रुपचंद म्हणाले म्हणून आम्ही त्यांना उचलले नाही.

थोड्या वेळाने त्या बोलू लागल्या. म्हणाल्या, “सकायपासून भिंत ठोकी ठोकी हात दुखी गया. मंग वरून पानी उनं, तवय समजनं, पाईपनं काम चालू शे. म्हणून पाईप ठोका.” म्हणजे, वरून पाणी आले तेव्हा पाईपचे काम चालू असल्याचे त्यांना कळले व त्यांनी पाईप ठोकला. मी त्यांना सकाळी पाय आपटल्याचे तिथेच सांगितले. त्या म्हणाल्या, “ते बी ऐकं.” आणि डोळे मिटले. पण माझा हात सोडला नाही.

एक वाजण्यास दहा मिनिटे असताना पोलीस हवालदार व एक महिला शिपाई आले. पाठोपाठ रुग्णवाहिका आली. मी सोबत गेले. अमळनेर येथील दवाखान्यात सलाईन लावून झुंबरबाई यांना धुळे येथे पाठवण्यात आले. धुळ्यापर्यंत मी त्यांच्याजवळच होते. धुळ्यात डॉक्टरांनी तपासून खुब्याचे हाड मोडल्याचे सांगितले. साखर फार उतरली होती, अजून दोन तास गेले असते तर शुद्ध गेली असती व मग सांगता आले नसते, असेही सांगितले. हे ऐकून मी बाहेरच्या बाकावर बसले. रडू आले, पण ते दुःखाचे नव्हते.

पती जळगावहून परस्पर धुळ्यास आले. त्यांनी मला दाराबद्दल काही विचारले नाही. झुंबरबाई यांच्या पायाशी उभे राहून “काकू, गळती आमचीच होती,” असे म्हणाले. झुंबरबाई म्हणाल्या, “मले माहीत शे.”

प्रेमराज मंगळवारी सकाळी सुरतहून धुळ्यास पोहोचले. ते आल्यावर माझ्याशी कसे बोलतील याची मला धास्ती होती. ते आधी आईजवळ जाऊन आले, मग माझ्या शेजारी बाकावर बसले. नंतर सोबतचा डबा उघडून अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली व म्हणाले, “ताई, तुम्ही कालपासून काही खाल्लं नसेल.” मी खरेच खाल्ले नव्हते.

मंगळवारी दुपारी मी घरी परत आले. रुपचंद यांनी माझ्या गैरहजेरीत शिकवणीच्या सरांना सोबत घेऊन झुंबरबाई यांच्या दाराला तात्पुरती कडी व कुलूप लावलेले होते. नंतर त्यांनी माझ्यासमोर फुटलेला जोड बदलला, नवीन नळ बसवला व सांडपाण्याची नळी पाईपमध्ये घट्ट बसवून दिली. मशीन सुरू करून आम्ही दोघे खाली जाऊन झुंबरबाई यांच्या न्हाणीघराचे छत अर्धा तास पाहत उभे राहिलो. पाणी आले नाही. नवीन मशीनमध्ये पहिले धुणे म्हणून मी झुंबरबाई यांचे ओले लुगडे व दवाखान्यातून आणलेली चादर टाकली होती. ती वाळत घातली आहेत.

झुंबरबाई यांच्या पायावर उद्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. त्यांच्या जिवास आता धोका नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

झुंबरबाई यांनी मागील वर्षी दिलेल्या अर्जाबाबत मला विचारले असता सांगते की, त्यातील मजकूर खरा आहे. गळती आमच्याच जोडाची होती. तेव्हा आम्ही तसे सांगितले नाही.

आज सकाळी मी पुन्हा धुळ्यास गेले असता तेथील दवाखान्यात हवालदारांनी माझ्यासमोर झुंबरबाई यांचा जबाब घेतला. दाराबाबत विचारले असता त्या म्हणाल्या, “मीच सांगं तोडाले. मनी अंडेरनी तोडं.” म्हणजे, मीच तोडायला सांगितले, माझ्या लेकीने तोडले. त्यांना मुलगी नाही. बोलताना त्या माझ्याकडे बोट दाखवत होत्या.

खरे सांगायचे तर झुंबरबाई यांनी मला दार तोडण्यास सांगितले नव्हते. त्यांनी फक्त पाणी मागितले होते. दार मी माझ्या मनाने तोडले. या एका मुद्द्यावर त्यांचा जबाब व माझा जबाब जुळणार नाही. त्यांनी सांगितले ते खोडू नये व माझेही बदलू नये, एवढीच माझी विनंती आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरील मजकूर महिला शिपाई यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेच लिहिले आहे, त्यात काही जास्त नाही व काही सुटलेले नाही, म्हणून खाली सही करते.

सही/-
सौ. नूतन हितेंद्र भोळे