पाचवा हात

...आणि मुळात मला एक सांगा, माणसाने हात वर केला म्हणजे तो 'हो'च म्हणतोय, हे ठरवलं कोणी? शाळेत आपण हात वर करायचो ते कशाला? बाई, पाणी प्यायला जाऊ का, म्हणून. मीही तसाच केला हो. मला आपलं नुसतं विचारायचं होतं.

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमची बिल्डिंग इकडे ऑन्टारिओत, नॉर्थ यॉर्कला, खाली पार्टी रूम आहे, म्हणजे नावाला पार्टी, एरवी तिथे पार्किंगवरून भांडणंच होतात, तर तिथे फ्लोराबाईंनी आम्हा मराठी मंडळींना समोसे खायला म्हणून बोलावलं. फ्लोराबाई नवव्या मजल्यावरच्या, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या, आणि मराठी अशी की इकडेच वाढलेल्या आमच्या निमिषने लाजून मान खाली घालावी. समोसा हातात पडला आणि बाई म्हणाल्या, "नेपाळात एक कुटुंब वीस वर्षं निर्वासितांच्या कॅम्पमध्ये पडलंय. आजी, मुलगा, सून, दोन नाती. पाच जणांनी मिळून स्पॉन्सर केलं तर इकडे येतील. वर्षभर त्यांचं आपण बघायचं. चार जण झालेत, एक हवाय."

"आणि नाही मिळाला तर?" मी आपलं नुसतं विचारलं.

"तर आजी तिथेच."

"पण कुठले ते?"

आता निमिष मला सारखं बजावतो, "आई, यू कान्ट आस्क पीपल दॅट." का नाही? कुठले म्हणून विचारल्याशिवाय माणूस कळतो का? आमच्या चिपळूणला एसटीत शेजारच्याला कुठले विचारलं नाही तर त्याला वाटतं, बाई कशावरून तरी रागावलीय. पण फ्लोराबाई म्हणाल्या, "शुभदाताई, तिथेच तर घोडं अडलंय. भूतानने हाकलून दिलं, म्हणतं हे नेपाळी, आणि नेपाळ म्हणतं हे भूतानचे." म्हणजे बघा, उद्या कोणी त्या आजीला 'कुठल्या हो तुम्ही' विचारलं तर तिने सांगायचं काय? माझा समोसा हातातच राहिला.

तेवढ्यात नंदकुमार उठले. बँकेत असतात, बोलायच्या आधी टायची गाठ सारखी करतात, टाय नसला तरी. "हे बघा, आणायचं ओटावातल्या फेडरल गव्हर्नमेंटने आणि निस्तरायचं आपल्या ऑन्टारिओ प्रॉव्हिन्सने, हे मला मान्य नाही. फॅमिली डॉक्टर मिळत नाही, शाळा भरून वाहतायत. प्रॉव्हिन्सने सरळ सांगावं, आम्ही यात नाही."

"नंदकुमार," फ्लोराबाई म्हणाल्या, "आमच्या पूर्वजांची बोट नवगावच्या किनाऱ्यावर फुटली म्हणतात. तेव्हा कोकणातल्यांनी अशी मीटिंग बोलावली असती तर मी कुठे असते?"

"तेव्हा फेडरल गव्हर्नमेंट नव्हतं," नंदकुमार म्हणाले. मग खाली बसता बसता हळूच म्हणाले, "माझ्या आईचा इकडे यायचा अर्ज चार वर्षं पडलाय. तिच्यासाठी कोण हात वर करतंय?"

खोटं थोडंच होतं ते? सगळे चटणी ढवळत बसले. शेवटी फ्लोराबाई म्हणाल्या, "पाचवं कोण असेल त्याने हात वर करा," आणि नेमकं त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, अरे, ही माणसं भात खातात की पोळी, ते राहिलंच की विचारायचं...

टाळ्या. आमचे हे, दिलीप, माझ्याकडे असे बघायला लागले, जशी मी त्यांची गाडी विकून आले. अहो, मी आपलं नुसतं... पण ऐकतंय कोण? आणि तुम्हाला म्हणून सांगते, तेवढ्यात हात खाली घेता आला असता मला. पण ती आजी आली डोळ्यांसमोर, कुठली म्हणून विचारल्यावर गप्प बसलेली. राहिला हात वर.

पुढच्याच्या पुढच्या फेब्रुवारीत आले एकदाचे. विमानतळावर व्हॅन कोणी आणावी? नंदकुमारांनी. "माझी गाडी मोठी आहे म्हणून. मत माझं तेच आहे." आणि आजीसाठी एक जाडजूड कोट, लेबलसुद्धा न काढलेला. आईसाठी घेऊन ठेवला होता म्हणे.

मी ठरवलं होतं, दमलेली म्हातारी, आज एक अक्षर विचारायचं नाही. आजी गाडीत बसली, कोट गुंडाळला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत जी सुरू झाली! "कितना बच्चा? एक ही? क्यों? ये तुम्हारा आदमी? इतना सूखा क्यों?" दिलीपनी पोट बाहेर काढून बघितलं, उपयोग झाला नाही. मग मोर्चा नंदकुमारांकडे. "तुम्हारी माँ कहाँ है?"

"इंडिया में. आनेवाली है."

"आएगी," आजी म्हणाली. "हमको बीस साल लगा."

नंदकुमारांनी वायपर सुरू केले. बर्फ पडत नव्हता.

भात खातात, बरं का. दोन्ही वेळा.

आणि आता? आता ती मंडळी आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, आणि रोज आम्ही दोघी लिफ्टने खाली फिरायला जातो. कोणी आत आलं की मी 'कुठले?' आणि आजी 'कितना बच्चा?' परवा एका बाईने उलट आजीलाच विचारलं, कुठल्या तुम्ही, तर म्हातारी फटकन म्हणाली, "सेव्हन फ्लोर." निमिष कपाळाला हात लावून म्हणतो, "आई, नाऊ देअर आर टू ऑफ यू." लिफ्टचं दार उघडतं, आम्ही दोघी दिसतो, आणि चांगली धडधाकट माणसं 'नेक्स्ट वन, नेक्स्ट वन' म्हणत जिन्याकडे वळतात.

आम्ही आपलं नुसतं विचारतो.